तीच तक्रार, तोच गुडघा, सल्ला मात्र वेगळा

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात काही संशोधकांनी दोन रुग्णांना पढवून तयार केलं, एक पुरुष आणि एक बाई. दोघांच्याही गुडघ्यांची झीज मध्यम स्वरूपाची, दोघांनी सांगायची हकीकत सारखी, होणारा त्रासही सारखाच. हे दोघं ७१ डॉक्टरांना दाखवून आले. त्यांत फॅमिली डॉक्टर होते आणि हाडांचे सर्जनही होते. गुडघा बदलून घ्या, असा सल्ला पुरुषाला ६७ टक्के डॉक्टरांनी दिला. बाईला तो ३३ टक्के डॉक्टरांनीच दिला. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, आणि दवाखान्यात बाई-पुरुष असा भेद होतो का, असं कुणी मला विचारलं की मी आधी हाच सांगते, कारण यात पळवाट उरत नाही. बाई उशिरा गेली, बाईने नीट सांगितलं नाही, बाईला शस्त्रक्रियेची भीती वाटली, यातलं एकही कारण इथे लावता येत नाही.

आमच्या इंदुरात, लोकमान्य नगरात म्हणा की सुदामा नगरात, संध्याकाळी देवळाकडे निघालेल्या आज्या बघा. भिंतीला हात लावत, एक पाय ओढत चाललेल्या कितीतरी दिसतील. विचारलं तर म्हणतील, "आता वयच झालं गं." हे वाक्य काहींनी स्वतःच ठरवलेलं असतं, काहींना ते दवाखान्यातून मिळालेलं असतं.

म्हणजे डॉक्टर बायकांच्या विरोधात असतात का? मला तसं वाटत नाही, आणि तसं मानलं तर हा प्रश्न समजतच नाही. डॉक्टर निदान कसं करतो ते आधी पाहू.

पहिला अंदाज

रुग्ण खुर्चीत बसून दोन वाक्यं बोलला की डॉक्टरच्या मनात एक चित्र उभं राहतं. पंचावन्न वर्षांचा माणूस, पोट सुटलेलं, सिगारेट ओढणारा, छातीवर हात ठेवून घामाघूम: हे हृदयविकाराच्या झटक्याचं चित्र. शिकताना ते शंभर वेळा पाहिलेलं असतं. समोरचा रुग्ण त्या चित्राशी जुळला की पुढच्या तपासण्या भराभर होतात. जुळला नाही तर डॉक्टर दुसरं चित्र शोधतो. बाईच्या बाबतीत ते दुसरं चित्र फार सहज हाताशी येतं: गॅस, अशक्तपणा, टेन्शन, पाळी जाण्याचं वय.

असा अंदाज करणं चूक नाही, त्याशिवाय डॉक्टरी चालणारच नाही. सरकारी ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन मिनिटं येतात, त्यात अंदाजाचाच आधार घ्यावा लागतो. शिवाय अंदाजाला खरा पायाही आहे. पाळी सुरू असेपर्यंत बायकांमध्ये हृदयविकार पुरुषांपेक्षा कमी दिसतो. झटका सरासरीने सात-दहा वर्षं उशिरा येतो. चाळिशीतल्या बाईला छातीत दुखलं तर तो हृदयविकार असण्याची शक्यता त्याच वयाच्या पुरुषापेक्षा कमी असते, हे खरंच आहे.

पण "शक्यता कमी आहे" आणि "नाहीच" यांत फरक आहे, आणि पक्षपात नेमका या फटीत शिरतो. शक्यता कमी म्हणून ईसीजी काढला नाही. ईसीजी काढला नाही म्हणून आजार सापडला नाही. सापडला नाही म्हणून कागदोपत्री बायकांना तो कमीच होतो असं दिसलं. मग पुढच्या बाईच्या वेळी शक्यता आणखी कमी वाटली. ज्या गल्लीत पोलीस गस्तच घालत नाहीत, तिथे चोऱ्यांची नोंद कमीच असणार, तसंच हे. हे चक्र चालू राहायला कुणाच्या मनात वाईट हेतू असावा लागत नाही.

जगभरात बायकांच्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे ३५ टक्के मृत्यू हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांमुळे होतात. आपल्या महिला मंडळांत कर्करोग तपासणीची शिबिरं भरतात, आणि ती भरायलाच हवीत. पण हृदयाची भीती अजूनही घरातल्या पुरुषांसाठीच राखून ठेवलेली असते.

चित्र पुरुषाचं का झालं

याला इतिहास आहे. थॅलिडोमाइड या औषधाने गरोदर बायकांच्या बाळांना व्यंगं आल्याचं जगाने पाहिलं होतं. त्या धसक्यातून १९७७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितलं की मूल होऊ शकेल अशा वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नका. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला की औषध कुणाला किती लागतं, शरीरात किती वेळ राहतं, याचे आकडे मुख्यतः पुरुषांच्या शरीरावरून ठरत गेले. हा नियम १९९३ मध्ये बदलला.

याचं एक उदाहरण झोपेच्या गोळीचं. झोल्पिडेम नावाची गोळी अमेरिकेत १९९२ मध्ये मंजूर झाली. बायकांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते आणि सकाळी गाडी चालवतानाही रक्तात उरलेली असू शकते, म्हणून बायकांसाठीचा डोस दहा मिलिग्रॅमवरून पाचवर आणायला सांगितलं गेलं ते थेट २०१३ मध्ये. वीस वर्षं बायकांना दुप्पट डोस लिहून दिला जात होता.

हृदयाच्या बाबतीत हे उघडपणे बोललं गेलं १९९१ मध्ये. बर्नाडीन हीली या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात संपादकीय लिहिलं. बाईला पुरुषासारखाच, अगदी त्याच पद्धतीचा आजार आहे हे सिद्ध झालं, तरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात, असा त्याचा मुद्दा होता. त्याच वेळी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसत होतं की हृदयविकाराने भरती झालेल्या बायकांची अँजिओग्राफी पुरुषांपेक्षा कमी केली जाते.

आता लक्षणांचं बघू, कारण इथे एक गैरसमज उलट बाजूने पसरला आहे. बायकांच्या झटक्यात छातीत दुखतच नाही, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. ते खरं नाही. बायकांमध्येही छातीतलं दुखणं, दाब किंवा जडपणा हेच सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण आहे. फरक असा की त्याच्या जोडीला धाप, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात दुखणं, विलक्षण थकवा ही लक्षणं बायकांमध्ये जास्त वेळा येतात. बाई आठ गोष्टी सांगते, त्यांतली एक छातीची असते, आणि ऐकणारा उरलेल्या सातांवरून "हे हृदय नव्हे" असं ठरवून टाकतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये झटका आलेल्या सुमारे सहा लाख रुग्णांच्या नोंदी लीड्सच्या संशोधकांनी तपासल्या. सुरुवातीचं निदान चुकण्याचं प्रमाण बायकांमध्ये पुरुषांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघालं.

मग डॉक्टरचा अंदाज बाजूला ठेवून रक्ताची तपासणीच करावी, असं वाटेल. तिथेही गंमत नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात वाढतं. बायकांमध्ये त्याची मुळातली पातळी कमी असते, पण कितीच्या वर गेलं की झटका म्हणायचा ती रेषा बराच काळ सगळ्यांना एकच होती. एडिंबरोच्या डॉक्टरांनी एका अतिसंवेदनशील चाचणीत पुरुषांसाठी ३४ आणि बायकांसाठी १६ अशी वेगळी रेषा धरून पाहिलं. २०१५ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: झटक्याचं निदान होणाऱ्या बायकांचं प्रमाण ११ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर गेलं. पुरुषांचं १९ वरून २१ झालं. हिमोग्लोबिनच्या रिपोर्टवर बायका आणि पुरुष यांचे आकडे वेगवेगळे छापलेले आपण नेहमी पाहतो. हृदयाच्या बाबतीत हीच गोष्ट लक्षात यायला एवढा काळ लागला.

आणि पुढचं मला जास्त अस्वस्थ करतं. त्याच गटाने नंतर मोठ्या प्रमाणावर हा प्रयोग केला. नव्या रेषेमुळे बायका जास्त संख्येने सापडल्या, पण त्यांना मिळालेले उपचार पुरुषांच्या जवळजवळ निम्मेच राहिले, आणि त्यांच्या तब्येतीच्या पुढच्या वाटचालीत फरक पडला नाही. तपासणीचा आकडा बदलला, तो वाचणाऱ्याच्या मनातलं चित्र तसंच राहिलं.

ब्लाउजवरून काढलेला ईसीजी

ईसीजी काढताना छातीवर सहा चकत्या लावतात. चौथी चकती पाचव्या बरगडीफटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यापासून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर लागते. बाईच्या बाबतीत ही जागा बहुधा स्तनाच्या खाली किंवा त्याच्या कडेला येते. म्हणजे ब्लाउज पूर्ण काढायला हवा, आणि जागा बोटांनी चाचपून शोधायला हवी.

माझ्या एका काकूंबरोबर मी एका दवाखान्यात गेले होते. पडदा होता, पण तो अर्ध्यावरच अडकायचा. बाहेर तीन माणसं बाकावर. टेक्निशियन विशीतला मुलगा, काकू सत्तरीच्या. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. काकूंनी वरची दोन हुकं काढली, मुलाने तेवढ्यात जमतील तशा चकत्या वरच्या वर चिकटवल्या, आणि "हो गया माताजी" म्हणून मोकळा झाला. चकत्या एक-दोन फटी वर लागल्या तर कागदावरच्या रेषा बदलतात. नसलेला बिघाड दिसू शकतो, असलेला लपू शकतो. त्या मुलाने काकूंचा मान राखला असं त्यालाही वाटलं आणि काकूंनाही. रिपोर्टचं काय झालं ते कुणीच विचारलं नाही.

हा संकोच फार जुना आहे. फ्रान्सच्या रने लाएनेकने १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला तो एका तरुण रुग्णबाईच्या छातीला कान लावणं प्रशस्त वाटेना म्हणूनच. त्याने कागदाची सुरळी केली आणि त्यातून आवाज जास्त स्वच्छ आला. म्हणजे संकोच पाळूनही तपासणी चांगली करता येते, त्यासाठी कुणीतरी विचार करावा लागतो. इथे तो विचार फारसा खर्चिक नाही: नीट सरकणारा पडदा, अंगावर टाकायची चादर, आणि टेक्निशियनला दिलेलं शिक्षण.

असाच एक प्रयोग पाकिस्तानात रावळपिंडीला झाला. क्षयाच्या तपासणीसाठी बेडका मागितला की बऱ्याच बायका लाजून नुसती थुंकी देतात. त्या थुंकीत जंतू कसे सापडणार? तिथे काही बायकांना बेडका छातीतून कसा काढायचा ते दोन मिनिटं समजावून सांगितलं. न सांगितलेल्या बायकांत ८ टक्क्यांना क्षय सापडला, सांगितलेल्यांत १३ टक्क्यांना. हा अभ्यास २००७ चा. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही.

घरातून निघण्याआधीच

दवाखान्यातल्या पक्षपाताबद्दल बोलताना आपण आपल्या घराला सूट देतो, ते मला पटत नाही. दिल्लीच्या एम्सच्या २०१६ सालच्या ओपीडीच्या नोंदी काही संशोधकांनी मोजल्या. दर बाईमागे १.६९ पुरुष येत होते. लोकसंख्येतलं बायकांचं प्रमाण धरून हिशेब केला तर चार लाखांहून जास्त बायका यायला हव्या होत्या आणि आल्याच नव्हत्या. जितका प्रांत दूर, तितक्या बायका कमी. खरगोन, बुऱ्हाणपूर, झाबुआहून इंदूरच्या एम.वाय. हॉस्पिटलात कोण येतं आणि कोण घरीच काढा पिऊन राहतं, याचा अंदाज इथल्या कुणालाही करता येईल. अवयवरोपणाचे देशाचे आकडे तर आणखी बोलके आहेत. १९९५ ते २०२१ या काळात झालेल्या ३६,६४० रोपणांपैकी बायकांच्या वाट्याला ६,९४५ आली.

आणि जी बाई डॉक्टरपर्यंत पोचते, तिची तक्रार सांगतं कोण? डॉक्टर विचारतात, "काय होतंय काकू?" आणि शेजारून उत्तर येतं, "काही नाही डॉक्टरसाहेब, हिला जरा गॅसचा त्रास आहे, आणि जेवणाकडे लक्ष नाही." निदान नवऱ्याने आधीच करून टाकलेलं असतं. बाईही त्याला दुजोरा देते. तिने स्वतःच तीन आठवडे स्वतःला तेच समजावलेलं असतं. डॉक्टरच्या कानावर पडते ती अशी दोनदा छाटलेली तक्रार, आणि तिसरी छाटणी मग त्यांच्या मनात होते.

दुखण्याचं मोजमाप

अमेरिकेतल्या एका शहरी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पोटदुखीचे रुग्ण तपासले गेले. दुखण्याची तीव्रता दोघांनी सारखीच सांगितली होती, पण वेदनाशामक मिळायला पुरुषांना सरासरी ४९ मिनिटं लागली आणि बायकांना ६५.

पाळीच्या दुखण्यात तर मिनिटांचा हिशेब वर्षांवर जातो. एंडोमेट्रिओसिस या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, अंडाशयावर, आतड्यावर, ओटीपोटात. दर महिन्याला तिथेही सूज येते, पुढे अवयव एकमेकांना चिकटतात. प्रजननवयातल्या सुमारे १० टक्के बायकांना हा आजार असतो, जगभरात साधारण १९ कोटी. निदानाला बऱ्याच ठिकाणी सात ते दहा वर्षं लागतात. सुरुवातीच्या टप्प्यात सोनोग्राफी अगदी नॉर्मल येऊ शकते, आणि नॉर्मल रिपोर्ट हातात आला की मुलीच्या रडण्यावरचा विश्वास उडतो. "पाळीत दुखतंच", "लग्न झालं की कमी होईल", "एक मूल होऊ दे." हे आजी म्हणते तेव्हा समजू शकतं. डॉक्टरने म्हटलं की ते निदान ठरतं. मुलगी महिन्याला दोन दिवस शाळा बुडवत असेल, उलट्या होत असतील, शौचाला जाताना दुखत असेल, तर ते "दुखतंच" मध्ये बसत नाही.

याच्या नेमकी उलट बाजूही आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं तिशीतच काढून टाकल्याचं २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. पांढरं जातंय, पोट दुखतंय, एवढ्यावर पिशवी काढायचा सल्ला मिळाला होता. तक्रार उडवून लावणं आणि तक्रारीवर थेट सुरी चालवणं, या दोन्हींत एक गोष्ट समान आहे: बाईला पुरेसं विचारलं गेलेलं नसतं.

पुरुषांनाही याचा फटका बसतो. हाडं ठिसूळ होणं आणि नैराश्य यांची मनातली चित्रं बायकांची आहेत, त्यामुळे पुरुषांमध्ये ते उशिरा ओळखले जातात. छातीत गाठ लागलेला पुरुष तर कर्करोगाची शंकाही घेत नाही.

हे बदलतं

फ्लोरिडातल्या १९९१ ते २०१० या काळातल्या झटक्याच्या रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. पुरुष डॉक्टरांकडे गेलेल्या बायका दगावण्याचं प्रमाण जास्त होतं. बातम्यांत एवढंच छापून आलं. पण त्याच अभ्यासात होतं की ज्या पुरुष डॉक्टरांच्या विभागात स्त्री डॉक्टर जास्त होत्या, किंवा ज्यांनी स्वतः बायका जास्त तपासल्या होत्या, त्यांच्याकडे हा फरक कमी होत गेला. नजर तयार होते. म्हणून "लेडी डॉक्टरच गाठा" एवढा सल्ला मला अपुरा वाटतो.

आपल्या हातात काय आहे? तक्रार सांगताना कामावरून सांगा. "थकवा येतो" हे कुणीही ऐकून सोडून देईल. "दोन महिन्यांपूर्वी दोन्ही मजले एका दमात चढत होते, आता पहिल्यावर थांबावं लागतं, आणि थांबलं की छातीवरचा दाब जातो" हे सोडून देणं कठीण आहे. छातीचं आधी सांगा. घरातली काळजी, झोप, सुनेचं बाळंतपण नंतर. टेन्शनपासून सुरुवात केली तर चिठ्ठीही टेन्शनचीच मिळायची.

गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, साखर वाढली होती का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, मूल तीस वर्षांचं झालं असलं तरी सांगा. बाळंतपणात बीपी वाढून त्रास झालेल्या बायकांना पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. मधुमेह असेल तर पाळीच्या वयाने मिळणारं संरक्षण फार उरत नाही, हेही लक्षात ठेवा.

"टेन्शन आहे" असं उत्तर मिळालं तर आवाज न चढवता विचारता येतं: "डॉक्टर, हे हृदयाचं नाही हे कशावरून ठरवलं? आणखी काय असू शकतं? किती दिवसांत फरक पडला नाही तर परत येऊ?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट घाईत सुटलेला धागा पुन्हा हाताशी येतो. ईसीजी काढताना आडोसा आणि चादर मागून घ्या, मग ब्लाउज पूर्ण काढा. एकदा काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून झटका नाही असं ठरत नाही. त्रास चालूच असेल तर तो पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिनही काही तासांच्या अंतराने पुन्हा तपासतात. मोठ्या रक्तवाहिन्यांत अडथळा नसतानाही बारीक वाहिन्यांचा आजार असू शकतो, आणि तो बायकांमध्ये जास्त दिसतो. अँजिओग्राफी स्वच्छ आली आणि दुखणं तसंच राहिलं, तर त्याबद्दल नाव घेऊन विचारा. आणि छातीवरचा दाब घाम, धाप किंवा मळमळीबरोबर आला, तर ओपीडीच्या वेळेची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

सोबत जाणाऱ्या मुलांना, नवऱ्यांना, जावयांना एकच विनंती आहे. फाइल तुम्ही धरा, औषधं कधी घ्यायची ते तुम्ही लिहून घ्या, पण पहिली पाच वाक्यं तिला बोलू द्या. ती "काही नाही, जरासं" म्हणाली, तर त्या "जरासं"मुळे घरातलं कोणतं काम तिने सोडलं आहे ते तुम्ही सांगा.